दोन पळ्या आमटी

३ जून, मंगळवार
सगळं बदललं ते आज सकाळी, आईने पळी बदलली तेव्हा.
जुनी खोलगट पळी, दांडी वाकलेली, मी लहान असल्यापासूनची, ती धुऊन फडताळावर गेली. नवी इथल्याच कपूरथला बाजारातली. चकचकीत, उथळ. उत्तरेतल्या या शहरात महानगर नावाचा आमचा मोहल्ला, तिथल्या मराठी घरांना आईचे डबे जातात: पाच पोळ्या, भाजी, भात, दोन पळ्या आमटी. "दोन सांगितल्यात, दोन देतेय," आई म्हणाली. आवाज असा की पुढे बोलू नको.
बोलणार कोणत्या तोंडाने? गेल्या महिन्यात तीच म्हणत होती, तूरडाळ, तेल, सिलिंडर, सगळं चढलंय, डब्याचा भाव वाढवू. मीच ओरडलो. गिऱ्हाइकं तुटतील वगैरे. खोटं. मला एकाच गिऱ्हाइकाची पडली होती. मु.ने हसत सांगितलेलं, "भाव वाढला तर मी नूडल्सवर, बरं का."
मु. म्हणजे मुक्ता. लातूरची. इथे रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये प्रोजेक्टवर, पगार बांधलेला. देशपांडे काकांच्या गच्चीवरच्या खोलीत राहते. डबा देताना दिसते, डबा नेताना दिसते. माझा दिवस तेवढाच. म्हणते, "तुझं मराठी म्हणजे नऊवारी नेसलेली हिंदी." म्हणून ही वही मराठीत.

४ जून
काकांनी दारातच डबा उघडला. "चिन्मयराव, ही आमटी आहे की तीर्थ?"
दोन पळ्याच आहेत, म्हटलं.
"हो, पण कोणाच्या? बाहुलीच्या?"
मु. मात्र रिकामा डबा देताना फक्त, "शेवटची पोळी कोरडीच खाल्ली आज." बस. काकांपेक्षा हे लागलं.

६ जून
बाबांशी वाजलं. पेपर वाचून म्हणे, महागाई कमी झाली. मी विचारलं, मग डाळ का नाही उतरली?
"अरे, महागाईचा दर कमी झाला. गाडीचा वेग कमी झाला म्हणजे गाडी मागे येते का?" आणि मग नेहमीचं. "बी.कॉम.चं दुसरं वर्ष पुरं केलं असतंस तर विचारावं लागलं नसतं." कॉलेज सोडताना एचओडींच्या टेबलावर फाइल आपटून आलो ते आपटून आलो, ती फाइल अजून जेवणाबरोबर वाढतात.
पेपर चुरगळला. बाबांनी शांतपणे सरळ केला आणि पुढे वाचायला लागले. जास्तच भडकलो.
पूर्वी पाचशेच्या नोटेत दोन्ही पिशव्या भरून वर समोसे यायचे. आज सब्जीवाला भैया म्हणतो, "नोट तो वही है भैया, झोला छोटा ले आया करो." कानफटात द्यावीशी वाटली. हसूही आलं.

१० जून
केलं.
डबे भरायचं काम माझं, आई पाठ करून पोळ्या लाटत असते. मु.च्या डब्यात जुन्या पळीने. दोन. गच्च.
संध्याकाळी म्हणाली, "आज आमटी पहिल्यासारखी होती." हां, आज जरा जास्त झाली होती यार, म्हटलं. मग ती जे हसली ते

१३ जून
रोज चालू. पण पातेलं तेवढंच. शेवटच्या डब्याला कमी पडतं, आणि शेवटचा भरतो तो काकांचा. दीड पळी. असू दे. बाहुलीची चेष्टा केली ना.

१५ जून, रविवार
वाट लागली.
काकू माहेरी, म्हणून काकांनी मु.ला खाली जेवायला बोलावलं. दोन डबे एका टेबलावर. मी रिकामे डबे न्यायला गेलो तर दोघं आमट्या शेजारी शेजारी मांडून बसलेले.
"चिन्मयराव, भाडं मी घ्यायचं आणि आमटी हिने, असं ठरलंय का?"
म्हणालो, जास्त पाहिजे तर जास्त पैसे द्या. निघून गेलं तोंडातून.
काका एकदम थंड. "माझं ठेवींचं व्याज येतं तेवढंच येतं, बाळ. तरी हिचं भाडं वाढवलं नाही मी. वाढवायला पाहिजे होतं, नाही का?"
मु. माझ्यामागे फाटकापर्यंत आली. "माझ्या डब्यात कोणाची आमटी घालत होतास?"
मी डबे गाडीला अडकवायला लागलो.
"माझ्या पगाराचंही हेच झालंय, कळतं का तुला? आकडा तोच, पळी बारीक. मला फसवतायत ते पुरे आहे. माझ्यासाठी दुसऱ्याला नको फसवू. आईंना सांग, भाव वाढवा. मी एक वेळचा घेईन. पण सरळ."
"मुक्ता, मी ते फक्त..."
"कशासाठी ते माहीत आहे मला." आणि वर गेली.
माहीत आहे! माहीत आहे म्हणजे काय? पुढे काय?

१७ जून
आईला सगळं सांगितलं. वाटलं, पळी फेकून मारेल. म्हणाली, "मी वाढवू म्हणत होते तेव्हा ताट सरकवून उठलास." फडताळावरची जुनी पळी काढली. नवी माळ्यावर. "पुढच्या महिन्यापासून नवा भाव. सांगायला तू जायचंस, घरोघर."

१९ जून
सांगून झालं. दोन घरं तुटली. बाकीचे करवादले, पण घेतायत. मी एकदाही आवाज चढवला नाही, जबडा दुखतोय. काका म्हणाले, "सरळ सांगितलंस, बरं केलंस. मोजून घेईन."
मु.चं भाडं मात्र वाढवलंच. माझ्या त्या एका वाक्याने.

२४ जून
मु.ने तेलीबागेत खोली पाहिली. शहराचं दुसरं टोक. तिथे भाडं परवडतं.
आईला विचारलं, तेलीबागेत डबा द्यायचा? "एका डब्यासाठी? पेट्रोल डब्याहून महाग पडेल." बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर आहे. यार, मग चिडायचं कोणावर?

२९ जून, रविवार
आज जातेय ती. सामान सकाळीच टेम्पोने गेलं, काका स्वतः गाद्या बांधत होते. भाडं वाढवायचं आणि गाद्याही बांधायच्या!
आंघोळ करून आलो तर ओट्यावर एक डबा भरलेला. आई पोळ्यांकडे बघत म्हणाली, "खोलीवर पहिल्या दिवशी कुठे स्वयंपाक करणार ती."
"आणि पेट्रोल?"
"आजचं माझ्याकडून. पुढचं तू आणि ती बघा."
तू आणि ती. आई असं म्हणाली.
उघडून पाहिलं. दोन पळ्या, जुन्या. काठापर्यंत.
काय बोलायचं ते मराठीत पाठ केलंय. आत्ताच पुन्हा विसरलो. बाहेर लू सुटलीय, वारा नुसता भाजतोय, निदान आमटी गार होणार नाही. वही ठेवतो. निघालो.