पूजेला बसलेला कॉम्प्युटर

बाबा, यंदाही मी खंडेनवमीला आणि दसऱ्याला दुकान बंद ठेवलं. यवतमाळात माझ्या ओळीतली बाकीची दुकानं सकाळी पूजा उरकतात आणि दुपारी पुन्हा उघडतात. शेजारचा मोबाइलवाला दरवर्षी विचारतो, ताई, ऐन धंद्याच्या दिवसात शटर काहून पाडता? मी सांगते, आमच्याकडे तशी रीत आहे. तो मला फार धार्मिक समजतो. माझा देवधर्म तुम्हाला ठाऊकच आहे; कळंबचं घर अजून आहे, पण चिंतामणीचं दर्शन कोणी पाहुणा आला तरच घडतं. दुकानाचं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं, कारण ते उघडलं तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. लोकांच्या कॉम्प्युटरमधून, मोबाइलमधून चुकून पुसलं गेलेलं मी परत आणून देते. लग्नाचे फोटो, वकिलांचे कागद, पोरांचे प्रोजेक्ट. दारव्ह्याहून येतात, पार ढाणकीहून येतात. बाहेर पाटी आहे, पाटीवर माझं नाव आहे, आणि ते चांगलं मोठ्या अक्षरात आहे. आई असती तर म्हणाली असती, एवढं मोठं कशाला. तुम्ही काही बोलला नसता, पण येणाऱ्याजाणाऱ्याला धरून त्या पाटीखाली चहा पाजला असता.

आपल्या घरी पहिला कॉम्प्युटर आला ती कापसाची वाईट वर्षं होती. पीक हातचं जात होतं, भाव पडले होते, आणि सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरण्या एकामागून एक कुलपं लावत होत्या. तुम्ही ज्या जिनिंगमध्ये हेड फिटर होतात तीही गेली. तुमच्यासोबतचे फिटर पुण्याला रखवालदारी करायला गेले. तुमच्या पुतण्यानं तुमच्यासाठीही तिथं एक जागा पाहून ठेवली होती, खाकी गणवेशासकट. तुम्ही गेला नाहीत. तुम्ही आणि लेथवाले चाचा बस स्टँडमागे पत्र्याची एक शेड घेऊन बसलात. तुमचा विचार सरळ होता. ज्या जिनिंगा अजून तग धरून आहेत, त्यांच्याकडे रूई आणि सरकी वेगळी करणारे रेचे जुनेच आहेत. त्यांचे सुटे भाग आता कोणी बनवत नाही. तर आपण बनवायचे. फक्त नागपूरच्या ओतकामवाल्याला नेमक्या मापांची चित्रं हवी होती, हातवारे चालणार नव्हते. तेव्हा मी ज्या कॉम्प्युटर क्लासला जात होते, त्यानं काढून टाकलेला जुना कॉम्प्युटर तुम्ही ऑटोत मांडीवर धरून घरी आणलात आणि माझ्यापुढे ठेवलात. आई म्हणाली, या डब्ब्यापेक्षा शेळी आणली असती तर दूध तरी दिलं असतं.

बंद पडलेली जिनिंग भंगारात जाण्याआधी रेच्याचे भाग मोजून घ्यायची परवानगी तुम्ही मालकाकडून मिळवली. हातगाडीवर ते भाग घरी येतात, ओसरीवर गोणपाटावर मांडले जातात, तुम्ही व्हर्नियर लावून माप सांगता, आणि मी आत कॉम्प्युटरपुढे बसून ते आधी मोठ्यानं परत म्हणते, मग टाइप करते. हे परत म्हणणं तुमचं जिनिंगमधलं. रेच्यांच्या आवाजात कान गेल्यागत होतात, म्हणून तिथं ऐकणाऱ्यानं नुसतं 'हो' म्हणायचं नसतं, ऐकलेला आकडा परत ओरडून सांगायचा असतो. घरात कसला आवाज, तरी तुम्ही तेच करायला लावलंत. एकदा मी कंटाळून 'हो, हो' म्हटलं. तुम्ही व्हर्नियर खाली ठेवलंत आणि दारात येऊन उभे राहिलात.

"हो काय? हो म्हंजे किती?"

त्यानंतर मी कधी नुसतं हो म्हटलं नाही. आजही गिऱ्हाइकानं फोन नंबर सांगितला की मी तो परत म्हणते, आणि लोकांना वाटतं बाईला कमी ऐकू येतं. असं करत पावसाळाभर आपण तो सबंध रेचा कॉम्प्युटरमध्ये उतरवला. मग भंगारवाल्याचा ट्रक आला आणि खरे भाग गेले. आता जे काही होतं ते त्या पडद्यामागं होतं. दसरा झाला की चित्रं नागपूरला न्यायची, दिवाळीआधी ओतकाम, आणि कापूस जिनिंगांत यायला लागला की आपले भाग तयार. हा सीझन हुकला तर शेड बंद, आणि तुम्ही खाकी गणवेशात पुण्याच्या कुठल्या तरी फाटकावर. हे घरात कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

खंडेनवमीच्या दिवशी मी कॉलेजातून एसटीनं घरी आले तर तुमची सगळी अवजारं पाटावर मांडलेली. पाने, हातोडे, व्हर्नियर रॉकेलनं धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून. शेजारी कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर झेंडूची माळ, कीबोर्डवर एक विड्याचं पान, त्यावर सुपारी. फार छान दिसत होतं. तुम्ही अगदी खुशीत मला सांगितलंत की यंत्राची पूजा करायची तर ते वरून पुसून भागत नाही, आतूनही साफ पाहिजे, म्हणून सकाळी तुम्ही ते आतून साफ केलं. माऊस चालवायला तुम्ही नुकतेच शिकला होतात. भावानं आत भरलेली सिनेमाची गाणी आणि गेम तुम्हाला काढायचे होते, कारण त्यानं यंत्र जड झालं होतं. ते तुम्ही काढलंत. मग तुम्हाला ती केराची टोपली दिसली. केर भरून घरातच ठेवला आणि पूजा केली, असं तुमच्या हातून होणं शक्यच नव्हतं. तीही तुम्ही रिकामी केलीत.

मी विचारलं, गाण्यांच्या बाजूला आपल्या चित्रांचा फोल्डर होता, तो?

"सगळे पिवळेच डब्बे होते माय," तुम्ही म्हणालात.

आणि मग तुमचा चेहरा पडला. तो मी पाहिला आहे. जिनिंग बंद झाली त्या दिवशीही तो असा नव्हता. मी धावले ती कॉम्प्युटर चालू करायला. मैत्रिणीनं दिलेली एक सीडी माझ्याकडे होती, पुसलेलं परत आणायच्या सॉफ्टवेअरची. ती लगेच आत टाकायची होती. भाऊही मागं आलाच, त्याला त्याची गाणी परत भरायची होती. तुम्ही मध्ये आलात.

"हात नको लावू. पूजेले बसलं हाये ते. दसरा होऊ दे."

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तुमची पूजा, तुमचा दसरा, सगळ्याचा उद्धार केला. तुम्ही कॉम्प्युटरसमोर चटई टाकून बसलात आणि ऐकत राहिलात. चूक झाली हे तुम्हाला कळलं होतं, ती तुमची होती हेही कळलं होतं, आणि तरी रीत सोडायला तुम्ही तयार नव्हता. मला तेव्हा वाटलं, जगात इतका हट्टी माणूस नसेल. संध्याकाळी चाचा आले. त्यांनी त्यांच्या लेथला दोन दिवस सुट्टी दिलीच होती, दरवर्षी देत, तुमच्यासोबत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेही तुमच्या बाजूला चटईवर बसले.

दसऱ्याला सोनं द्यायला मी कॉम्प्युटर क्लासच्या सरांकडे गेले. आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवतानाच रडू आलं. त्यांनी एवढंच विचारलं, पुसल्यानंतर चालू केला होता का? मी नाही म्हटलं. "बरं केलंस," ते म्हणाले, आणि मीही मान डोलावली, जणू ते माझंच शहाणपण. त्यांनी सांगितलं की त्या कॉम्प्युटरवर काहीच करू नको, त्याची डिस्क काढून आण, माझ्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क म्हणून जोडू आणि जे सापडेल ते तिकडे उतरवून घेऊ.

दुसऱ्या दिवशी तुम्ही निरांजन ओवाळून पूजा उतरवलीत आणि स्वतः पेचकस माझ्या हातात दिलात. डिस्क माझ्या ओढणीत बांधून आपण दोघं क्लासला गेलो. सर शिकवत होते, म्हणून ते करायचं काम माझ्यावर पडलं. ते मधूनमधून येऊन पाहून जात. पडद्यावर एक निळी पट्टी हळूहळू सरकत होती आणि तुम्ही तिच्याकडे पाहत होतात, एखाद्याचा ताप उतरायची वाट पाहावी तसे. आणि मग फाइली यायला लागल्या. बाबा, त्या क्षणी मला माझाच इतका अभिमान वाटला की तसा नंतर पदवीच्या दिवशीही वाटला नाही.

आल्या, पण नावं गेली होती. सगळ्या एकसारख्या, नुसत्या क्रमांकाच्या. कुठलं चित्र कशाचं, काही कळेना, आणि त्यांत भावाची गाणीही मिसळलेली. तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत. मी एकेक फाइल उघडते आणि तुम्ही नाव सांगता. हा रोलरचा कान. हे मागच्या बेअरिंगचं घर. हे डाव्या बाजूचं, उजव्याचं वेगळं असते. मी नाव परत म्हणते, मग टाकते. क्लासमधली पोरं आपापलं सोडून आपल्यामागं उभी राहून पाहत होती. शेवटी एक दात्यांचं चाक तेवढं आलं नाही. फाइल होती, उघडत नव्हती. तुम्ही डोळे मिटलेत, बोटं हवेत धरलीत, आणि मान हलवलीत. आठवत नव्हतं. मला आठवत होतं. मी ते मोठ्यानं परत म्हटलं होतं ना, प्रत्येक माप, ओसरीतून तुम्ही सांगितल्यावर. मी एकेक आकडा सांगत गेले आणि या वेळी तुम्ही तो परत म्हणत गेलात.

भाग ओतून आले. पहिले बसले ते बोरी अरबजवळच्या एका जिनिंगमध्ये, आणि तुम्ही मला मुद्दाम सोबत नेलंत. रेचा फिरायला लागला, रूई एकीकडे, सरकी दुसरीकडे. तुम्ही तिथल्या फिटरच्या कानाशी जाऊन ओरडलात, "हे माह्या पोरीनं पुसलेलं परत आणलं!" त्याला काहीएक समजलं नाही. त्यानं तुमच्या पद्धतीनं ते परत म्हणूनही दाखवलं नाही, तरी तुम्ही त्याला सोडून दिलंत. शेड चालली. खाकी गणवेश पुतण्याकडेच राहिला. दिवाळीत तुम्ही हॉटेलात, बाजारात, देवळाच्या ओट्यावर, जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होतात, आणि दर वेळी आधी स्वतःची चूक सांगून मग माझं कर्तृत्व.

पण तुम्ही पुन्हा कधी माऊसला हात लावला नाही. मी म्हणायची, या ना, बसा. तुम्ही म्हणायचात, "नाई, माहा हात जड हाये." शेवटपर्यंत तेच. बापानं सगळं घालवलं आणि पोरीनं सगळं वाचवलं, एवढीच ती गोष्ट तुमच्यापाशी राहिली.

ती तशी नाही, बाबा. हे मला दुकानात बसायला लागल्यावर कळलं. पुसलेलं लगेच जात नाही. त्याची जागा फक्त मोकळी धरली जाते, आणि तिच्यावर नवं काही लिहिलं गेलं की मग ते खरंच जातं. ज्याचं पुसलं जातं तो घाबरतो, घाबरून काही तरी करत सुटतो, आणि त्या करण्यातच उरलंसुरलं घालवतो. मीही प्रत्येकाला सरांचाच प्रश्न विचारते, त्यानंतर चालू केला होता का, आणि जवळपास सगळे हो म्हणतात. मग अर्ध्याच्या वर येत नाही. त्या दिवशी तुम्ही आडवे आला नसता तर मी त्या सीडीतलं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर भरलं असतं, भावानं वर गाणी भरली असती, आणि आपला रेचा त्यांच्याखाली गाडला गेला असता. सर भेटेपर्यंत परत आणण्यासारखं काही उरलं नसतं. ते उरलं, कारण तुम्ही चटई टाकून बसला होतात आणि माझे बोल ऐकत होतात. तुमचा हात जड नव्हता. माझं दुकान, ती पाटी, हे सगळं त्या दोन दिवसांवर उभं आहे, आणि ते दोन दिवस तुमचे होते.

हे कागदावर उतरलं, पण पाठवणार कुठे. आणि लिहितेच आहे तर एक खरं सांगून टाकते. हे मला त्याच दिवाळीत कळलं असतं, तरी मी लगेच तुम्हाला सांगितलं असतं असं नाही. सबंध कळंबात तुम्ही माझं कौतुक करत फिरत होतात, आणि मला ते अजून थोडे दिवस ऐकायचं होतं.