झोपेतला होकार

६ फेब्रुवारी
डोकं. परत डोकं. डावी बाजू. दुकानातल्या साध्या गोळ्या महिनोन्‌महिने रोज खाऊन झाल्या, आता त्यांनी भागत नाही. आज डॉक्टरांनी चिठ्ठीवर दुसरी लिहून दिली — झोप आणणारी. रात्रीच घ्या म्हणाले, रोज नको. माझी लेक मयुरी अशी मान हलवत होती, जणू गोळी तिलाच घ्यायची आहे.

७ फेब्रुवारी
काय झोप! दूधवाला ओरडून गेला, पत्ताच नाही.

९ फेब्रुवारी
मयुरीचं पुण्याला परत जायचं जवळ आलं, तसा परत तोच माझ्या लग्नाचा विषय. कारंज्याचे बाबाराव. कृषी खात्यातून निवृत्त, बायको वारलेली. "आई, तू इथं एकटी राह्यतं अन्‌ मले तिकडं झोप लागत नाई." मी म्हटलं, माझी गोळी घे. तिचे बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, आता या वयात नवरी व्हायचं?

१३ फेब्रुवारी
घात झाला.
ते "फक्त चहाला" येणार होते. ऐकल्यापासून डोकं ठणकत होतं, म्हणून भरदुपारी ती झोपेची गोळी घेतली. बाबाराव आले, सोबत बहीण जिजाबाई. पोह्यांपर्यंत आठवतं. मग ते आपल्या संत्र्याच्या बागेचं सांगू लागले. आवाज चांगला आहे, जड. माझ्या पापण्याही जड.
मयुरी सांगते, त्यांनी विचारलं, "तुमची काही हरकत तर नाई न?" आणि मी मान हलवली. चांगली दोन-तीनदा. डुलकी होती ती! जाग आली तेव्हा तोंडात पेढा, आणि जिजाबाई म्हणत होत्या, "वहिनी लाजल्या, पाह्य कशा डोये मिटून बसल्या."

१५ फेब्रुवारी
मयुरीला म्हटलं, खरं काय ते तूच कळव त्यांना. म्हणे, "होकार तू देल्ला, तूच सांग." आणि गेली पुण्याला.
ती गोळी बंद. परत साधी गोळी आणि बाम.

२० मार्च
साधी सकाळी, साधी संध्याकाळी. तरी दुखतंच. बामाच्या वासानं मांजरही घरात येईना. जिजाबाईंनी फोनवर साडीचा रंग विचारला. फोन ठेवून आणखी एक घेतली.

४ एप्रिल
मयुरीनं माझ्या डोक्याचं परस्पर कळवलं, म्हणून बाबारावच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, रोजच्या गोळ्यांनीच आता डोकं दुखतंय. बंद करा. आधी जास्त दुखेल, मग उतरेल.
येताना गाडीत सांगून टाकलं, मी त्या दिवशी झोपेत होते, तो होकार नव्हता. त्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "मले समजलं होतं. तुम्ही घोरत होत्या."
"मग बहिणीले काऊन नाई सांगितलं?"
"मले तो होकार आवडला होता. सांगतो आता तिले."


९ एप्रिल
भयंकर दुखलं. पडदे ओढून, कपाळावर ओला रुमाल ठेवून पडले. फोन त्यांचाच आला. लग्नाचा शब्द नाही. पाणी प्या म्हणाले, मग उन्हानं किती फळं गळली ते सांगत बसले. ऐकता ऐकता झोप लागली. गोळीशिवाय.

२३ एप्रिल
डोकं मोकळं. चहा झाल्यावर बाबारावांना फोन लावला. म्हटलं, "मी जागी आहे. आता परत विचारा."