चालती गाडी बंद पाडली

विंझर, मंगळवार, संध्याकाळ

सकाळी शेजारचे धोंडिबा आले होते. त्यांच्या बायकोचा, वहिनींचा, हात मोडला होता, नसरापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मी सांगितलं, गाडी चालूच होत नाही. खोटं. सीटकव्हरं नवीन होती आणि त्यांच्या कपड्यांना शेरडांचा वास असतो. एवढंच कारण. ते एसटीनं गेले.

आता संध्याकाळी ते पाने-पक्कड घेऊन माझ्या घराकडे येताना दिसले. मी धावत जाऊन बॅटरीची तार सैल केली. हेही केलं मी.

"गाडी बघू म्हणलं," धोंडिबा म्हणाले. फ्यूज तपासले, मग तार सापडली. ती आवळून त्यांनी बाहेरूनच वाकून चावी फिरवली. सीटवर बसले नाहीत, कव्हर मळंल म्हणाले. गाडी चालू झाली, तर माझ्यापेक्षा त्यांनाच आनंद.

तेव्हा कुठं मी वहिनींचं विचारलं.

"प्लास्टर घातलंय. एसटीत जागा न्हाई मिळाली, उभ्यानं आलो."

"पुढच्या खेपेला मी नेतो."

"नको मास्तर. गाडी आत्ताच नीट झालीय, जरा जपा."

त्यांनी ओळखलं असेल का? की खरंच गाडीची काळजी वाटली? काळजीच असेल, तर जास्त लाज वाटते.