हसऱ्या बहिणीच्या ताब्याबाबत

मी, वय एकवीस, कॉलेज अर्धवट सोडलेला, सध्या गॅरेजमध्ये हेल्पर, पूर्ण शुद्धीत आणि तेवढ्याच रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कोणाची जबरदस्ती नाही. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. दोष जन्मापासूनचा आहे. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीचा त्यात हात नाही, असं डॉक्टर म्हणतात.

१. माझी बाईक आईला. ती विकून तिने वरच्या कोर्टात अपील करावं.

२. माझी आठ वर्षांची बहीण मला कोणाच्या नावे करता येत नाही. तिचा ताबा कोर्टाने वडिलांना दिला. वडील तिला पट्ट्याने मारतात. कोर्टातल्या भेटीच्या खोलीत वडील आत आले तशी ती हसायला लागली. समुपदेशक बाईंनी लिहिलं, ‘मुलगी वडिलांसोबत आनंदी.’ मी ओरडलो, “अहो, ती घाबरली की हसते! पहिल्यापासून!” वडिलांचे वकील म्हणाले, “म्हणजे रडली तरी मारलं, हसली तरी मारलं? साहेब, पोरीने करावं तरी काय?” सगळे खो खो हसले. निकालात आलं, आईने मुलांना पढवलं. माझं ओरडणंही आईच्याच माथी मारलं.

३. वडिलांना काही नाही. पट्टा त्यांच्याकडे आहेच.

४. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीला माझं हेल्मेट. तू म्हणालीस, “आधी डोकं ठिकाणावर आण, मग भेट.” छातीचं उरकलं की डोक्याचं बघतो. डोळे ठणठणीत असताना तीनदा तपासून घेतले, ते कशासाठी हे तुला एव्हाना कळलं असेल. एवढं कर: बहिणीच्या भेटीच्या दिवशी आईसोबत कोर्टात जा. आत फक्त आईलाच सोडतात. बाहेर आल्यावर तिला एकटीला घरी पाठवू नकोस.

५. वडिलांच्या घरात राहणाऱ्या आत्याला मुद्दाम काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराच्या नावे काही लिहिलं तर ते रद्द होतं, आणि मला तू साक्षीदार हवीस. आत्या, कोर्टात तू म्हणालीस, “मी स्वयंपाकघरात होते, मला काही माहीत नाही.” आज माझ्यासाठी डबा घेऊन आलीस, तर हे अख्खं वाच. मग सही कर.

ठिकाण: पुरुषांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. दिनांक ९ फेब्रुवारी. मी दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली, त्यांनी माझ्या.

साक्षीदार पहिला: शेजारच्या खाटेवरचे सुतारकाका. (“वाचलास तर हे फाडशील ना रे?” “नाही, काका.”)

साक्षीदार दुसरी: आत्या. सहीखाली तिच्याच अक्षरात: ‘वाचलं. दुसरं कलम खरं आहे. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. अपिलात माझं नाव घाला.’