आमच्या अंगठ्याची नानकटाई

२४ डिसेंबर, मुदखेड. संध्याकाळ.

सकाळी मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर गेले. तीन तास बाकड्यावर बसून नानकटाई वळली. प्रत्येकीवर अंगठ्यानं दाबलेला खड्डा, ही आमच्या घरची खूण. घरी येऊन डबा उघडला तर एकीवरही अंगठा न्हाई, सगळ्यांवर सुरीची फुली. भट्टीवर दुसऱ्याच बाईचा ट्रे माझ्या डब्यात भरला होता. तशीच परत गेले, तर भट्टीवाले चाचा म्हणतात, "ताई, तुमची बी कुणाच्या तरी पोटातच गेली की."

लातूरच्या क्लासनं पोरीला दोनच दिवस सुट्टी दिली. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच. लहानपणी अंगठा दाबायचं काम तिचंच होतं. तो खड्डा बघून हसंल, असं मी उगीच मनात धरलं होतं.

दुपारी आली. पुस्तकातून मान वर न करता सहा खाल्ल्या. म्हणाली, "आई, यंदा पहिल्यांदा लई भारी झाल्या."

पहिल्यांदा.

अंगठ्याचं तिनं नावही काढलं न्हाई. उद्या मात्र चाचांकडं जाऊन विचारणार हाय, ती फुलीवाली बाई तूप किती घालती.