लाडवाची पिशवी

प्रिय आक्का,

आज निपाणीहून एक गृहस्थ तुझ्या पिशव्या न्यायला आले होते आणि रिकाम्या हातांनी परत गेले. पाठवलं मीच, म्हणून तुला सांगायला हवं.

विमानात उलटीसाठी ठेवलेल्या कागदी पिशव्या जमवणारं आणखी कुणी आपल्या भागात निघेल, असं तुला तरी वाटलं होतं का? त्यांनी काचेचं कपाट करून घेतलंय. तुझ्या साडीच्या खोक्यातून ते एकेक पिशवी कडेला धरून काढत होते, अगदी तुझ्यासारखे.

निपाणीपर्यंत बसनं जायचं तरी तुला मळमळायचं. विमानात तू कधी बसलीच नाहीस. पण सांबऱ्याच्या विमानतळावरून कोण उडणार, हे शहापुरात तुला आधी कळायचं. "येताना पिशवी आण रं. कोरी आण."

मग त्यांच्या हातात माझी पिशवी आली. तिरुपतीहून येताना प्रसादाचं पुडकं फाटलं, म्हणून मी लाडू तिच्यात घातला होता, आठवतं? "उलटीच्या पिशवीतनं देवाचा लाडू? एवढी शिकलीस कशाला गं?" म्हणालीस आणि आधी लाडू खाल्लास. मग तुपाचा डाग बघत बसलीस. वापरलेली ठेवायची नाही, हा नियम तुझाच. शेवटी निकाल दिलास, "उलटी झालेली न्हाय. म्हंजे कोरीच."

गृहस्थांनी ती बाजूला ठेवली. "ताई, ही वापरलेली हाय."

"लाडवासाठी," मी म्हटलं.

"वापरली ती वापरलीच की. बाकीच्या नेतो."

"खोकं फोडू नको, समद्या एकत्र ठेव," एवढंच तू शेवटी दवाखान्यात मागितलं होतंस. मी म्हटलं, न्यायच्या तर सगळ्या न्या. ते चहा पिऊन उठले. "डागाची माझ्या कपाटात चालत न्हाय, ताई."

नियमाने त्यांचंच बरोबर. काचेमागे तुझ्या पिशव्या चार लोकांनी बघितल्या असत्या, इथे त्या माझ्या पलंगाखाली आहेत. मी अडले ती तुझ्या शब्दासाठी, की माझी पिशवी नाकारली म्हणून? थोडं दोन्ही असेल. पण घरी कुणी आलं की तू सगळ्यांत आधी हीच काढायचीस आणि माझी फजिती सांगायचीस. ती वगळून बाकीच्या दाखवायच्या तरी कशा?

तर खोकं आजपासून बाहेरच्या खोलीत राहील. येईल त्याला मी दाखवीन, डागाच्या पिशवीपासून सुरुवात करून. आणि "एवढी शिकलीस कशाला गं?" हेही मीच म्हणेन, तुझ्या आवाजात.

तुझी धाकटी,
सुमन