रांजणाची बैठक

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. (विशेष आधी सांगतो, विनंती धीर होईल तेव्हा.) तुमची पाठ कशी आहे? औषध लावता की नुसतं उशाशी ठेवता? आणि तुमची ताई, जी सध्या माझ्यावर रुसून तुमच्याकडे मुक्कामाला आहे, ती नीट जेवते ना? मी इथे ठणठणीत आहे. तिला सांगताना मात्र ‘ठणठणीत’ जरा पडेल आवाजात सांगा.

तिने तिची बाजू सांगितलीच असेल, आता माझी ऐका. निवृत्तीची भेट म्हणून जावईबापूंनी मला ती चिनीमातीची भाजायची शेगडी पाठवली. आकार अंड्यासारखा, वजन दोन माणसांना घाम फोडील असं. तुमच्या ताईने पाहताक्षणी तिचं नाव रांजण ठेवलं. या रांजणासाठी मी स्वतः लाकडी टेबल करायला घेतलं. (सुतारकाम मी कुणाकडे शिकलो नाही, तरी सगळी बोटं शाबूत आहेत. अंगठा त्यात धरू नका.) वर गोल भोक, भोकात रांजण आणि खालच्या फळीवर त्याचं बूड, असा बेत. टेबल देखणं झालं. घोडं अडलं ते बुडापाशी.

आधी रांजण सरळ फळीवरच ठेवला. कणसं झकास भाजली. फळीही भाजली. मग न्हाणीघरातल्या उरलेल्या टाइल्स खाली घातल्या. निखारे रसरसले आणि एक टाइल अशी काही फुटली, की कणसाच्या आशेने आलेले शेजारचे मास्तर एकदम कुंपणापलीकडे दिसले. (एरवी गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत.) त्यानंतर लोखंडी पत्रा घातला. पण पत्रा जात्याच चुगलखोर, वर ऐकलेलं खाली सांगून मोकळा. फळी पुन्हा काळी.

या काळात माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं, हे कबूल. दोन घास खाल्ले की उठून फळी चाचपायची. तुमची ताई काही सांगू लागली, की माझं लक्ष तिच्या पायाखालच्या फरशीकडे. (फरशी चांगली जाड आहे. मी ती उचकटली नाही. एकच कोपरा उचकटला.) त्याच कोपऱ्याला ती ठेचकाळली. मग तिने पिशवी भरली आणि दारात थांबून म्हणाली, “आधी बैठक पक्की करा, मग मला बोलवा.”

मला गहिवरून आलं. म्हटलं, एवढ्या रागातही बिचारीला टेबलाची काळजी आहे.

मग मी हात धुऊन त्या बैठकीच्या मागे लागलो. पण युक्ती सुचली ती स्वयंपाकघरात, तीही नुकसान झाल्यावर. डाळीचं पातेलं चुलीवरून उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तर तिथेही काळं वर्तुळ उमटलं. एवढी वर्षं असं कधी झालं नव्हतं, कारण तुमची ताई पातेल्याखाली न चुकता तिवई सरकवते. मी ती तिवई हातात घेऊन बराच वेळ बघत राहिलो. तीन पाय आणि मधे नुसती हवा. म्हणजे आगीला जाड बूड देऊन भागत नाही, तिला खालून वाराही लागतो. मग फळीवर सिमेंटची जाड लादी टाकली, लादीवर पक्क्या विटेचे तीन तुकडे ठेवले आणि त्यांवर रांजण बसवला. भोकाच्या कडेनेही दोन बोटं जागा मोकळी सोडली. दिवसभर धगधगत ठेवून खाली हात लावला, तर फळी मांजराच्या नाकासारखी गार.

लगेच फोन लावला. तिने विचारलं, “झाली बैठक पक्की?”

“झाली. दिवसभर तापवलं, तरी हूं की चूं नाही.”

“कुणाला तापवलं?”

“रांजणाला.”

मग म्हणाली, “अहो, मी तुमच्या बैठकीचं म्हणत होते. एका जागी बसून माझं एक वाक्य पुरतं ऐकता का, त्याचं.” आणि फोन ठेवला. मी तेव्हाच परत लावणार होतो, पण रांजणाचं झाकण करकरल्यासारखं वाटलं म्हणून बघायला गेलो.

तेव्हापासून बसायचा सराव करतो आहे. घर खायला उठतं आणि खुर्ची टोचते. काल घड्याळ समोर ठेवून बसलो, तर ते चालू आहे की बंद, हे बघायलाच उठावं लागलं. ताईचं सगळं बोलणं आता आठवून आठवून ऐकतो आहे. बरंचसं अर्धंच आठवतं, मधे मी उठलेला असणार. उरलेलं अर्धं तिच्याकडूनच ऐकायला हवं.

लहानांना आशीर्वाद आणि तुम्हाला एकट्या माणसाचा नमस्कार.

तुमचा,
भावोजी

ता. क. विनंती अशी, की ताईला घेऊन या. तिला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा आणि सहज बोलल्यासारखं म्हणा, एवढं लांबलचक पत्र लिहायचं तर माणसाला एका जागी बसावंच लागतं.

पुन्हा ता. क. हे सगळं उभ्याने, रांजणाच्या टेबलावर लिहिलं आहे. मधे तीनदा फळीही बघून आलो. इथवर आलात, की खोकायला लागा आणि कागद घडी घालून खिशात टाका. पुढे काय लिहिलंय, असं तिने विचारलं, तर म्हणा, काही नाही, सगळ्यांची चौकशी केली आहे.